‘फुकट्यांची शाळा’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

परवाच्या ‘मोफत आणि कायदेशीर फोटो कुठे शोधायचे’ या पोस्टवरची तुमची प्रतिक्रिया वाचली. मुद्दे चार आहेत, पण सुरुवातच तुम्ही ‘फुकट्यांची शाळा काढलीय, फोटोग्राफरच्या पोटावर पाय देताय’ अशी केलीत. दोन दिवस गप्प बसले, पण राहवत नाही.

आधी माझी चूक. पिक्साबे या मोफत फोटोंच्या साइटवरचे सगळे फोटो सीसी झिरो, म्हणजे काढणाऱ्याने सगळे हक्क सोडून दिलेले असतात असं मी लिहिलं होतं, ते जुनं झालं, 2019 पासून त्यांचं स्वतःचं वेगळं लायसन्स आहे. दुरुस्ती केलीय, धन्यवाद. पण एवढं सांगायला ‘अर्धवट माहितीवर ब्लॉग चालवणारे’ म्हणायची काय गरज होती?

आता फोटोग्राफरचं पोट. माझ्या बाबांचा वाईत फोटो स्टुडिओ होता, तीस वर्षं. लग्नाच्या ऑर्डरी, पासपोर्ट फोटो, आणि सवड मिळाली की कॅमेरा घेऊन घाटावर. प्रत्येक प्रिंटच्या मागे जांभळ्या शाईचा शिक्का मारायचे, नाव आणि गाव, आणि शाई वाळेपर्यंत प्रिंट पालथ्या घालून ठेवायचे, तेवढ्यात कुणी हात लावला तर आम्हाला ओरडा बसायचा. त्यांचा ढोल्या गणपतीचा एक फोटो एका दिवाळी अंकात छापून आला. विचारलं नाही, मानधन नाही, खाली नावही नाही. ‘पैशाचं जाऊ दे, नाव तरी टाकायचं’, एवढंच म्हणाले. तो अंक शेवटपर्यंत कपाटात होता, त्या पानाचा कोपरा दुमडलेला. त्याच स्टुडिओवर आमचं घर चाललं, तेव्हा फोटोग्राफरच्या पोटाबद्दल कृपा करून मला शिकवू नका.

आणि म्हणूनच तर मी ‘गूगलवर दिसला म्हणून उचलू नका’ असं कानीकपाळी ओरडतेय. पोस्ट नीट वाचलीत का तुम्ही? सीसी बाय-एसए हे क्रिएटिव्ह कॉमन्सचं (सीसी) एक लायसन्स, म्हणजे फोटो काढणाऱ्यानेच आपणहून सांगितलेलं असतं की वापरा, धंद्यासाठीही वापरा, पण माझं नाव द्या, लायसन्स कुठलं ते लिहा, आणि फोटोत बदल करून पुढे दिलात तर तोही याच अटींवर द्या. यात फुकटेपणा कुठे आला? ज्याला पैसे हवेत त्याने सगळे हक्क राखून ठेवावेत आणि आपण त्याचा फोटो विकत घ्यावा, हेही त्याच पोस्टमध्ये आहे. बाबा गेल्यावर आम्ही तिघा भावंडांनी त्यांच्या घाटाच्या निगेटिव्ह स्कॅन केल्या आणि तिघांच्या संमतीने विकिमीडिया कॉमन्स या मोफत फोटोंच्या भांडारात याच लायसन्सने टाकल्या. गेल्या वर्षी एका कॉलेजच्या वार्षिक अंकात त्यातला कृष्णेच्या पुराचा फोटो आला, खाली बाबांचं पूर्ण नाव, पुढे सीसी बाय-एसए. आईने चष्मा लावून ते नाव दोनदा वाचलं आणि मग अंक शेजारच्यांना दाखवायला घेऊन गेली. हे घडलं ते लायसन्स लावलं म्हणून.

बाकीचं थोडक्यात. कॉमन्सवर लोक दुसऱ्याचे फोटो आपले म्हणून चढवतात म्हणता, हो, चढवतात, आणि तिथली स्वयंसेवक मंडळी ते उडवतातही. ओपनव्हर्स हे मोफत फोटोंचं सर्च इंजिन नुसतं शोधून देतं, लायसन्सची खात्री देत नाही, हे बरोबरच आहे, मग मूळ पानावर जाऊन बघा ना, त्याला किती वेळ लागतो? रविवर्म्यांच्या चित्रांना परवानगी कुणाची घेतली असं विचारलंत. ते 1906 साली वारले, आपल्याकडे चित्रकाराच्या पश्चात 60 वर्षं हक्क राहतो, हिशेब तुम्हीच करा.

मतभेद असतील तर जरूर लिहा, इथे मी सगळ्यांना उत्तर देते. पण ‘फुकटे’ हा शब्द माझ्या वाचकांसाठी पुन्हा वापरलात तर ती प्रतिक्रिया छापणार नाही, आत्ताच सांगून ठेवते.