हशा उसना मिळेल

चित्रपट, मालिका किंवा कादंबरी लिहायला बसलेल्या होतकरू लेखकाने सर्वप्रथम एक गैरसमज मनातून काढून टाकावा, तो म्हणजे विनोद लिहावा लागतो. विनोदासाठी आधी पात्र उभे करावे लागते, मग त्याला अडचणीत टाकावे लागते, ती अडचण पटेल अशी असावी लागते आणि एवढे सगळे करूनही ऐन वेळी वाक्य पडण्याची धास्ती उरतेच. त्यापेक्षा जे वाक्य पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वी दुसऱ्या कुणीतरी लिहिले, दुसऱ्याच नटाने वाजवून दाखवले आणि ज्याला अख्खा महाराष्ट्र एकदा पोट धरून हसून बसला आहे, ते शेजारणीकडून वाटीभर साखर आणावी तसे घेऊन यावे. परतफेडीची चिंता नको. या व्यवहाराला ‘मानवंदना’ म्हणतात, आणि दिलेली मानवंदना कुणी मोजून पाहत नाही.

सुरुवात अर्थातच ‘अशी ही बनवाबनवी’पासून करावी. १९८८ सालच्या या चित्रपटातला ‘धनंजय माने इथेच राहतात का?’ हा प्रश्न आता कोणत्याही दारात उभे राहून विचारता येतो. तुमच्या मालिकेत बेल वाजली आणि आलेल्या कुरिअरवाल्याच्या तोंडी घालण्यासारखे काही सुचले नाही, की हे वाक्य घालून मोकळे व्हावे. लेखकाचे काम तेथे संपते. पुढचे दिग्दर्शक आणि संकलक बघून घेतात. कुरिअरवाला प्रश्न विचारून अर्धा क्षण थांबतो. तेवढ्यात पार्श्वसंगीतात एक ‘टुंग’ पडतो. कॅमेरा सासूबाईंवर जातो, मग सुनेवर, मग पुन्हा सासूबाईंवर आणि शेवटी कोचावर पेपर वाचत बसलेल्या आजोबांवर, आणि आजोबा पेपर खाली घेऊन, चष्मा कपाळावर चढवून गालातल्या गालात हसतात. ते का हसले हे कथेत कोठेही सांगावे लागत नाही, कारण त्या घरात माने नावाचे कुणी राहत नसते, कुणी कुणाला लपवलेले नसते आणि कुरिअरवाला पुढच्या भागात दिसणारही नसतो. पार्सलमध्ये काय होते हे लिहायचे राहून गेले तरी चालते. भागातले पाऊण मिनिट भरून निघते, त्याचा प्रोमो होतो, प्रोमोचे रील होते, आणि वाहिनीचे ‘क्रिएटिव्ह’ तुम्हाला फोन करून सांगतात की यंग ऑडियन्स खूप कनेक्ट झाला.

मूळ चित्रपट पुन्हा पाहण्याच्या फंदात मात्र पडू नये. पाहिलाच, तर असे ध्यानात येईल की ते वाक्य म्हणजे पत्ता विचारण्याचा एक अत्यंत साधा प्रश्न आहे आणि त्यात स्वतःचे असे हसण्याजोगे काहीच नाही. हसू आहे ते पुण्यात जागा न मिळण्यात, घरमालकाच्या धाकात, आणि लीलाबाई काळभोरांच्या बंगल्यात विवाहित जोडप्यांनाच जागा मिळते म्हणून दोन धडधाकट पुरुषांना साड्या नेसाव्या लागण्यात. धनंजय माने आपल्या ‘बायको’ची ओळख करून देताना ‘हा माझा बायको’ असे अडखळतो, कारण ती बायको म्हणजे साडीतला परशा असतो आणि जीभ पुरती घसरली तर चौघांच्या डोक्यावरचे छप्पर जाणार असते. तुमच्या चित्रपटात तेच वाक्य नवरदेव लग्नाच्या रिसेप्शनमध्ये आपल्या खऱ्याखुऱ्या बायकोविषयी म्हणेल. चुकण्याचे त्याला काहीही कारण नसेल, परंतु त्याने बिघडत नाही. हसण्याचे कारण प्रेक्षक घरून घेऊन आलेला असतो.

या संदर्भात संवादलेखक वसंत सबनीस यांचे उदाहरण कटाक्षाने टाळण्याजोगे आहे. बनवाबनवीच्या कथेचा सांगाडा हृषीकेश मुखर्जी यांच्या १९६६ सालच्या ‘बीवी और मकान’ या हिंदी चित्रपटाचा आहे, हे जाणकारांना ठाऊक आहे. म्हणजे उसनवारी तेव्हाही होती. परंतु सांगाडा आयता मिळालेला असताना सबनिसांनी त्यावर पुण्यातली भाडेकरूची लाचारी, घरमालक सरपोतदारांचा खवचटपणा, परशाचा भाबडेपणा हे सगळे नव्याने रचण्यात वेळ घालवला. केवढा हा अपव्यय! कथा उसनी घ्यायची आणि वाक्ये स्वतःची लिहायची, ही जुन्या मंडळींची उलटी रीत झाली. तुम्ही वाक्ये उसनी घ्यावीत. कथेचे नंतर पाहता येईल.

तुम्हाला कुणी सांगेल की प्रचलित गोष्टींचे संदर्भ मराठी रंगभूमीला नवे नाहीत, तमाशाच्या बतावणीत ते पिढ्यान् पिढ्या येत आले आहेत, आणि याच सबनिसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये दादा कोंडके चालू घडामोडींवर पदरच्या कोपरखळ्या मारून थिएटर डोक्यावर घेत असत. हे खरे आहे आणि म्हणूनच दुर्लक्ष करण्यासारखे आहे. रंगमंचावरची ती कोपरखळी त्या संध्याकाळच्या प्रेक्षकांसाठी असे. बातमी शिळी झाली की ती गळून पडे आणि तिच्या जागी नवी येई. चित्रपटाचे तसे नसते. आज लिहिलेले वाक्य चित्रीकरण, डबिंग, सेन्सॉर आणि मग चित्रपटगृह मिळण्याची प्रतीक्षा असा प्रवास करून पडद्यावर पोहोचेपर्यंत ज्या पोराने ते मीम पहिल्यांदा पसरवले, त्यालाही त्याची लाज वाटू लागलेली असते. तरीसुद्धा तुम्ही चालू पंधरवड्यातला मीम निःशंकपणे घालावा. प्रदर्शनाच्या दिवशी तो जुना वाटला तर ‘नॉस्टॅल्जिया’ म्हणता येते आणि दहा वर्षांनी तो कुणालाच कळेनासा झाला की एखाद्या विद्यापीठात त्यावर प्रबंध होण्याची शक्यता निर्माण होते.

नाटकवाल्यांनी तर याहून सोपा मार्ग शोधून ठेवला आहे, त्याचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाववत नाही. दौऱ्यावर असताना कोणत्याही एका वाक्यात त्या गावातली एक वस्तू टाकायची, एवढेच. सांगलीत भडंग, नागपुरात संत्री, साताऱ्यात कंदी पेढा आणि अमेरिकेच्या दौऱ्यात न्यू जर्सीतले एडिसन. ‘ॲडिशन’ म्हणजे पदरचे वाक्य घेणाऱ्या नटाला या जागेवर हमखास हशा मिळतो, कारण आपल्या गावाचे नाव ऐकले की माणूस स्वतःसाठीच टाळी वाजवतो. नाटकाची कथा लंडनच्या वकिलाच्या घरात घडत असली तरी वकील भडंग मागू शकतो. मराठी प्रेक्षक अशा वेळी भूगोल विचारत नाही, हा त्याचा मोठेपणा.

हिंदीकडून घेताना ‘शोले’ला पर्याय नाही. १९७५ साली आलेल्या या चित्रपटाच्या नुसत्या संवादांच्या तबकड्या निघाल्या होत्या, त्यामुळे ज्यांनी तो पडद्यावर पाहिला नाही त्यांनाही तो मांडवातल्या कर्ण्यांवरून तोंडपाठ झाला. ‘कितने आदमी थे?’ हा प्रश्न तुमच्या मालिकेतल्या मावशीबाईंनी हळदीकुंकवाला आलेल्या बायकांची संख्या विचारताना टाकावा. मूळ प्रसंगात विचारणाऱ्याला उत्तर आधीच ठाऊक असते आणि ज्यांना विचारले जाते त्यांचे पाय लटपटत असतात, म्हणून तो प्रश्न अंगावर येतो. मावशीबाईंना वाणाच्या वाट्या किती काढायच्या हे खरोखरच माहीत नसते, त्यामुळे तुमचा प्रसंग तुलनेने वास्तववादी ठरतो.

आता दोन वाईट संगतींपासून सावध करणे माझे कर्तव्य आहे. पहिली ‘जाने भी दो यारो’ची. कुंदन शाह यांच्या १९८३ सालच्या या चित्रपटात दोन छायाचित्रकार एका बागेत फोटो काढतात, फोटो मोठा करून पाहतात आणि त्यांना त्यात खुनाचा सुगावा लागतो. त्या बागेचे नाव आहे अँटोनिओनी पार्क. इटालियन दिग्दर्शक मायकेलअँजेलो अँटोनिओनी यांच्या १९६६ सालच्या ‘ब्लो-अप’मध्ये लंडनचा एक छायाचित्रकार बागेत काढलेला फोटो मोठा करत करत प्रेतापर्यंत पोहोचतो, हे ज्याला माहीत असेल तो मनाशी हसतो, ज्याला माहीत नसेल त्याचे तसूभरही अडत नाही, कारण पुढे काय होणार या काळजीत तो बुडालेला असतो. प्रेक्षकावर एवढा विश्वास टाकणे आजच्या काळात परवडणारे नाही. तुमच्या चित्रपटात नायकाने बागेची पाटी मोठ्याने वाचावी, मित्राने ‘हा कोण रे?’ असे विचारावे, नायकाने दिग्दर्शकाचे नाव, चित्रपटाचे नाव आणि साल सांगावे, आणि मित्राने ‘तू ना, खूपच सिनेमे बघतोस’ असे म्हणून प्रसंग गोड करावा. एवढ्यात खुनी पळून गेला तर गेला.

दुसरी संगत ‘गँग्ज ऑफ वासेपूर’ची, आणि ती अधिक धोक्याची आहे. २०१२ सालच्या त्या चित्रपटातला रामाधीर सिंग म्हणतो की जो तो आपापल्या डोक्यातल्या सिनेमाचा नायक होऊ पाहतो आहे, आणि आपण सिनेमे पाहत नाही म्हणूनच टिकून आहोत. त्याच्यासमोर अमिताभचे सिनेमे पाहून वाढलेला त्याचा वैरी फैजल आहे. म्हणजे तेथे संदर्भ हे पात्राचे अंतरंग आहे. तो काढला तर फैजल जसा वागतो तसा का वागतो हेच कळणार नाही. संदर्भाने असे कथेत शिरून जबाबदारी घेणे अत्यंत गैरसोयीचे. चांगला संदर्भ कसा असावा, तर कात्रीने कापून काढला तरी कुणाच्या लक्षात येऊ नये, आणि दुसऱ्या मालिकेत जसाच्या तसा चिकटवता यावा.

कादंबरीकारांना येथवर वाटले असेल की हा उपदेश आपल्याला लागू नाही. त्यांच्यासाठी थोडा वेगळा दर्जा राखावा लागतो, इतकेच. नायक दुःखी आहे हे चार पाने लिहून दाखवण्याऐवजी तो डेक्कनवरच्या एका कॅफेत मुराकामी वाचत बसला आहे आणि आदल्या रात्री त्याने कियारोस्तामीचा चित्रपट पाहिला होता, असे लिहावे. दुःखाची प्रतवारी आपोआप ठरते. नायिकेने समोर येऊन बसल्यावर काफ्काचे नाव घ्यावे. तिने त्याचे काय वाचले आहे हे विचारण्याइतका असभ्य नायक मराठीत सहसा नसतो. शिवाय चौकटीचा शर्ट आणि वाढलेली दाढी यांचे वर्णन करण्याचेही श्रम वाचतात, कारण ते वाचकाला आपोआप दिसू लागतात.

आणि नव्वदीचे बालपण असेल तर विचारायलाच नको. तेथे कथानकाची गरजच उरत नाही, यादी पुरते. रविवारच्या सकाळी टीव्हीवर लागणारे ‘महाभारत’, ओस पडलेले रस्ते, छपरावरचा ॲंटेना फिरवणारा काका आणि खिडकीतून ‘आलं का, आलं का’ असे ओरडणारी शेजारची मुले हे एकापाठोपाठ एक ठेवत गेले की प्रकरण तयार होते. फक्त एवढी खबरदारी घ्यावी की ती मालिका ऑक्टोबर १९८८ ते जून १९९० या काळात दाखवली गेली, तेव्हा तुमचा नायक १९९२ साली जन्मलेला असेल तर त्याच्या आठवणी थोड्या असामान्य ठरतात. अर्थात संपादकाने ही गोष्ट दाखवून दिलीच, तर ‘मॅजिक रिअॅलिझम’ (जादू मिसळलेले वास्तव) म्हणावे आणि त्यासाठी प्रसिद्ध असलेल्या मार्केझचा उल्लेख करावा.

समीक्षकांची भीती बाळगू नये. तुमच्या चित्रपटात किती जुन्या चित्रपटांचे संदर्भ सापडले याची मोजदाद करण्यात त्यांचा परिचय संपतो, आणि जितके जास्त सापडतील तितके ते स्वतःवर खूश होतात. त्यासाठी एक-दोन संदर्भ किंचित अवघड ठेवावेत, म्हणजे भिंतीवर एखादे पोस्टर लटकवावे किंवा चहाच्या टपरीला एखाद्या दिग्दर्शकाचे आडनाव द्यावे. टपरीवर कथेतले काही घडण्याची आवश्यकता नाही.

चित्रपट चालला, तर दुसरा भाग येणारच. त्याच्यासाठी बाहेरून काहीही आणावे लागत नाही, कारण पहिल्या भागाचे संदर्भ हाताशी असतात: तीच माणसे, तीच खोली आणि प्रेक्षकांना पाठ झालेले तुमचे तेच गाजलेले वाक्य. पहिल्या भागात तुमचे स्वतःचे असे एकही वाक्य नव्हते, हे दुसऱ्या भागाच्या पहिल्याच बैठकीत उघडकीस येण्याचा संभव आहे. घाबरू नये. कोणतेही एक वाक्य निवडून प्रसिद्धी विभागाकडे द्यावे आणि प्रदर्शनाच्या आत ते गाजलेले होते असे करून घ्यावे. त्यासाठी हल्ली वेगळे बजेट असते.