शिफ्टआधीची झाडाझडती

पुन्हा तेच! संध्याकाळी हॉटेलात शिफ्ट सुरू व्हायच्या आधी आम्हा सगळ्या वेटरना काउंटरपाशी रांगेत उभं करायचं आणि नुसतं झापायचं. कोण उशिरा आलं, कोणाच्या शर्टाला इस्त्री नाही, काल ग्लास कोणी फोडला. अहो, ते ज्याचं त्याला बाजूला घेऊन सांगा ना! चारचौघांत पाणउतारा झालेला पोरगा टेबलावर हसून काय बोलणार?

आणि जे सांगायला हवं ते राहूनच जातं. पाटोडी रस्सा संपला, हे आम्हाला कळतं ऑर्डर घेऊन किचनच्या खिडकीशी गेल्यावर. मग परत टेबलाशी जा, माफी मागा. कुठल्या ग्रेव्हीत शेंगदाणे आहेत, कुठलीत काजू, हेही कोणी सांगत नाही. ॲलर्जी असलेल्या माणसाने विचारलं तर अंदाजपंचे उत्तर द्यायचं का? जिवाशी खेळ आहे हा. सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात लावू नका, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्येच बजावलंय. पण हेही कोणी सांगत नाही, मग बिलावरून वाद झाला की नव्या पोराची बोबडी वळते.

शेफला दोन मिनिटं बाहेर बोलवा. काय संपलंय, काय आज खपवायचंय, मोठं बुकिंग किती वाजता, कोणाकडे कुठली टेबलं, एवढं सांगा. नवीन पदार्थ चमचाभर चाखू द्या. जे सावजी तिखट आम्ही खाल्लंच नाही, ते गिऱ्हाइकाला सोसेल का, हे आम्ही कुठून सांगणार? शेवटी एकाला विचारा, आज काय नाही? धड उत्तर आलं की सोडा. दहा मिनिटांत होतं हे सगळं, उभ्या-उभ्या!