फ्लॉवर आणि मी

मला फ्लॉवर आवडत नाही. चाळिशी उलटली, केस पिकले, लहानपणी ज्याच्या नावानं रडायचो ते कारलं आता मागून घेतो. फ्लॉवरशी मात्र समेट नाही. होणारही नाही.

लोकांना वाटतं भांडण चवीचं आहे. भांडण वासाचं आहे हो! आत भाजी शिजायला लागली की बंद दाराबाहेर मला कळतं. कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली, नवलकोल ही वनस्पतिशास्त्राच्या लेखी एकाच जातीची भावंडं, आणि सगळ्या घराण्यात गंधक मुरलेलं. जितका वेळ शिजवाल तितका तो वास वर येतो. म्हणजे "अगदी मऊ शिजवलाय, खाऊन तर बघ" असं ज्याचं कौतुक होतं तोच सगळ्यांत वाईट. आणि "माझ्या हातचा खाल्ला नाहीस म्हणून" म्हणणारे! आजवर किमान वीस हातचा खाल्लाय. हात बदलले, फ्लॉवर तोच.

लहानपणी मी नाक दाबून गिळायचो. आई म्हणायची, "नाटकं पुरे." नाटक नव्हतं ते. आपण ज्याला चव म्हणतो त्यातलं बरंचसं काम घशामागून नाकात चढणारा वास करत असतो. नाक दाबलं की तेवढा वेळ सुटका. सोडलं की व्याजासकट वसुली.

थोरल्या जॉर्ज बुश यांच्याबद्दल मला म्हणूनच जिव्हाळा आहे, बाकी राजकारण गेलं खड्ड्यात. 1990 साली त्यांनी जाहीर सांगितलं की ब्रोकोली लहानपणापासून आवडत नाही, आता खाणार नाही. चिडलेल्या शेतकऱ्यांनी ट्रक भरभरून ब्रोकोली वॉशिंग्टनला पाठवली. ताटातली भाजी नाकारायला माणसाला राष्ट्राध्यक्ष व्हावं लागतं, आणि तरी ऐकून घ्यावं लागतंच.

परवा एक संशोधन वाचलं, 2021 चं, ऑस्ट्रेलियातलं. मुलांच्या आणि त्यांच्या आईवडिलांच्या लाळेत त्यांनी कच्च्या फ्लॉवरची पूड मिसळली. तोंडातले जंतू त्यातून गंधकाचे उग्र वायू सोडतात, कुणाच्या तोंडात कमी, कुणाच्या जास्त. ज्या मुलांच्या लाळेत जास्त, त्यांना ही भाजी जास्त नकोशी. आणि मुलांचं प्रमाण आईवडिलांच्या जवळपास जाणारं. मोठ्यांच्या आवडीनिवडीशी मात्र त्याचा संबंध दिसला नाही. खाऊन खाऊन सवय होत असावी, असा त्यांचा अंदाज.

वाचल्या वाचल्या आईला फोन केला. म्हटलं, बघ, नाटक नव्हतं, शास्त्र होतं.

ती म्हणाली, "मला तरी कुठे आवडतो?"

"मग मला का वाढायचीस?"

"तुझ्या बाबांना आवडतो ना. एका घरात दोन भाज्या कोण करणार?"