सियाम ॲनाने सुधारला नाही

‘एका इंग्रज विधवेने रानटी राजाला माणूस बनवलं, त्याच्या मुलाला शिकवून अख्ख्या देशातली गुलामगिरी संपवली. सत्यकथा, जरूर वाचा.’ या अर्थाचा मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. सोबत बहुतेक वेळा चकोट केलेला हॉलिवूडचा नट यूल ब्रिनर आणि घेरदार झग्यातली नायिका असा फोटो असतो. ॲना लिओनोवेन्स आणि सियामचा, म्हणजे आजच्या थायलंडचा, राजा मोंगकुट यांची ही गोष्ट आहे. ती कादंबरीतून आली, चित्रपटांतून आली, संगीतकातून आली. १९७२ साली अमेरिकेत सीबीएस वाहिनीवर तिची ‘ॲना अँड द किंग’ नावाची मालिकाही झाली. त्यात ब्रिनर राजा होता आणि समांथा एगर ॲना. मालिका सप्टेंबरात सुरू झाली आणि वर्षाअखेरीस बंद पडली. ज्यांच्या १९४४ च्या कादंबरीवरून हे सगळं उभं राहिलं, त्या मार्गारेट लँडन या मालिकेवर इतक्या नाराज झाल्या की त्यांनी थेट कोर्ट गाठलं. दावा फेटाळला गेला.

मालिका लोक विसरले. तिने पक्कं केलेलं चित्र मात्र आजही सत्यकथा म्हणून खपतं, आणि मला त्याचा राग येतो. कारण यात दोन माणसांवर अन्याय होतो, आणि त्यातली एक आपल्या नगरची आहे.

आधी ‘इंग्रज’ या शब्दाचं बघू. ॲना स्वतः सांगायची की तिचा जन्म १८३४ मध्ये वेल्समधल्या कर्नार्व्हन गावी झाला, वडील कॅप्टन होते आणि नवरा लष्करात मेजर. पडद्यावर दिसते ती हीच खानदानी बाई. खरी ॲना नोव्हेंबर १८३१ मध्ये अहमदनगरला जन्मली. वडील थॉमस एडवर्ड्स लंडनकडचे सुतार, पुढे कंपनी सरकारच्या सॅपर्स अँड मायनर्स पलटणीत सार्जंट. मुलगी जन्मायच्या तीनेक महिने आधीच ते वारले. आई मेरी ॲन ग्लॅसकॉट. आईचे वडील मुंबईच्या फौजेत लेफ्टनंट होते. आणि आईची आई? तिचं नाव कुठल्याच कागदावर नाही. ती बहुधा इथलीच, भारतीय किंवा मिश्र रक्ताची असावी, असं अभ्यासकांचं मत आहे. आईने दुसरं लग्न केलं तेही एका आयरिश शिपायाशी. ॲनाचं बालपण छावणीत गेलं. १८४९ च्या नाताळात पुण्यात तिचं लग्न झालं ते थॉमस लिऑन ओवेन्स नावाच्या कारकुनाशी. तो मेजर कधीच नव्हता. १८५९ मध्ये पेनांगला तो वारला तेव्हा तो तिथे हॉटेल सांभाळत होता. पुढे ‘लिऑन’ आणि ‘ओवेन्स’ जोडून तिने स्वतःचं आडनाव केलं.

तिचं हे मूळ उघडकीला आणलं ते मुख्यतः ब्रिस्टो नावाच्या एका इंग्रज संशोधकाने, आणि त्याचा मूळ विषय होता जाळं विणणारे कोळी! तिच्या मुलाचं, लुईचं चरित्र लिहिताना त्याने कर्नार्व्हनच्या नोंदी तपासल्या. तिथे ॲना सापडलीच नाही, म्हणून तो भारतातल्या कागदांपर्यंत आला. हे १९७० च्या दशकातलं काम आहे. म्हणजे ही माहिती बाहेर येऊन पन्नास वर्षं होत आली, तरी फिरणाऱ्या मजकुरात बाई अजून वेल्शच.

दुसरा मुद्दा ‘रानटी राजा’चा. इथे मला जास्त बोलायचं आहे. मोंगकुट गादीवर बसले १८५१ मध्ये, वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी. त्याआधीची सत्तावीस वर्षं ते बौद्ध भिक्खू होते. पाली ग्रंथांचा त्यांचा अभ्यास इतका खोल होता की त्यांनी संघातच सुधारणा घडवून एक नवा पंथ उभा केला. बँकॉकमधल्या फ्रेंच बिशपकडून ते लॅटिन शिकले, अमेरिकी मिशनऱ्यांकडून इंग्रजी. विहारात स्वतःचा छापखाना घातला. १८५५ मध्ये त्यांनी ब्रिटनशी व्यापाराचा करार केला. तो सियामला महागात पडला, पण आजूबाजूचे मुलूख एकेक करून गोऱ्यांच्या घशात जात असताना त्यांचा देश स्वतंत्र राहिला. १८६१ च्या फेब्रुवारीत त्यांनी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना पत्र लिहून हत्ती देऊ केले, आणि लिंकन यांनी आभार मानून नम्रपणे नकार कळवला.

ॲना बँकॉकला पोचली मार्च १८६२ मध्ये. तोवर हे सगळं होऊन गेलं होतं. राजवाड्यातल्या स्त्रियांना इंग्रजी शिकवायला मिशनऱ्यांच्या बायका तिच्या दहा वर्षं आधीच येऊन गेल्या होत्या. तिला बोलावतानाच राजाने स्पष्ट कळवलं होतं की मुलांना इंग्रजी, विज्ञान आणि साहित्य शिकवावं, ख्रिस्ती करण्याच्या भानगडीत पडू नये. हे पत्र तिने स्वतःच्याच पुस्तकात छापलं आहे. काय हवं आणि काय नको हे इतकं नेमकं ठाऊक असलेल्या माणसाला कुणी काय माणसात आणायचं?

त्या राजाचा शेवटही ऐका. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचं गणित त्यांनी स्वतः मांडलं होतं. ते दाखवायला ते दक्षिणेत वा को या ठिकाणी फ्रेंच खगोलशास्त्रज्ञांना आणि सिंगापूरच्या ब्रिटिश गव्हर्नरला घेऊन गेले. गणित बरोबर आलं. पण त्या दलदलीत मलेरियाने गाठलं आणि १ ऑक्टोबरला ते गेले. अशा माणसाला पडद्यावर आरडाओरडा करणारा, बाईकडून शहाणपण शिकणारा हट्टी पोरगा करून टाकलं. थायलंडने हे चित्रपट चालू दिले नाहीत, १९९९ चा तर मलेशियात चित्रित करावा लागला. बंदीचं समर्थन मी करणार नाही, पण त्या लोकांचं दुःख मला कळतं.

आता गुलामगिरी. ॲनाने बँकॉक सोडलं १८६७ मध्ये. तिचा विद्यार्थी, मोंगकुट यांचा मुलगा चुलालोंगकोर्न, तेव्हा चौदाच्या आत होता. राजा झाल्यावर त्यांनी १८७४ मध्ये पहिला कायदा केला. १८६८ पासून जन्मलेल्या गुलामांच्या मुलांची किंमत वयाबरोबर घटत जाईल आणि एकविसाव्या वर्षी ती मोकळी होतील, अशी त्याची योजना होती. शेवटचा कायदा आला १९०५ मध्ये. एकतीस वर्षं सावकाश, सरदारांचं बंड होऊ न देता चाललेलं हे काम होतं. सियाममधले बरेचसे गुलाम कर्जापायी बांधलेले होते आणि माणसांच्या संख्येवरच सरदारांची ताकद ठरायची. त्यांना सोडवणं म्हणजे सरदारांचे हात छाटणं. शिवाय १८७१-७२ मध्ये हा तरुण राजा सिंगापूर, जावा आणि नंतर भारत हिंडून आला. मुंबईही त्यांनी पाहिली. पाच वर्षांच्या इंग्रजीच्या शिकवणीला हे सगळं श्रेय देणं म्हणजे चुलालोंगकोर्न यांची उभी हयात पुसून टाकणं आहे.

पडद्यावर राजा आणि ॲना यांच्यात प्रेमही रंगवतात, त्याबद्दल फार लिहायला नको. राजा सत्तावन्न वर्षांचा, ती तिशीची. तिच्या स्वतःच्या पुस्तकांतही अशी कबुली कुठे नाही. ते पुढच्यांनी घातलं.

यावर काही जण म्हणतात, मग बाई नुसती खोटारडीच की. हेही मला पटत नाही. तिने रचलेल्या काही गोष्टींनी सियामची बदनामी झाली. प्रेमिकांना जिवंत जाळल्याची कथा आणि राजवाड्याखालची भुयारी तळघरं यांना आधार नाही, आणि बँकॉकच्या पाणथळ जमिनीत तशी भुयारं टिकलीच नसती. याची जबाबदारी तिचीच. पण जन्माबद्दलचं खोटं वेगळं आहे. सत्ताविसाव्या वर्षी विधवा झालेली, दोन मुलं आधीच पुरलेली आणि दोन पदरात असलेली छावणीतली मुलगी सिंगापुरात शाळा चालवत होती. आजी इथली असल्याचा संशय जरी आला असता, तरी गोऱ्या अफसरांनी आपली मुलं तिच्याकडे पाठवली नसती. म्हणून तिने नगर पुसलं, पुणे पुसलं, सख्ख्या बहिणीशीही नातं तोडलं. (याच बहिणीचा नातू म्हणजे हॉलिवूडचा नट बोरिस कार्लॉफ.) पुढे कॅनडात हॅलिफॅक्सला १८८७ मध्ये एक कलाशाळा उभारण्यात तिचा पुढाकार होता. ती आज विद्यापीठ आहे आणि तिथल्या कलादालनाला ॲनाचं नाव आहे. १९१५ मध्ये माँट्रियलला ती वारली तेव्हाही जगासाठी ती वेल्शच होती.

तेव्हा तो मजकूर पुढे पाठवायचाच असेल, तर ‘इंग्रज विधवा’ खोडून तिथे नगरच्या सार्जंटची मुलगी असं लिहा. आणि गुलामगिरीच्या वाक्यातून तिचं नाव काढून तिथे चुलालोंगकोर्न यांचं घाला.