एखादं वर्ष ऊस खरंच तिकडं घालावा लागतो

भाच्याचा बारावीचा निकाल लागला आणि ताईने कबूल केलेला कॉम्प्युटर घ्यायची वेळ आली. मॉनिटर सोडून नव्वद हजारांच्या आत बसवायचं, गेम नीट चालले पाहिजेत आणि पुढे इंजिनिअरिंगच्या कामालाही आला पाहिजे. राजारामपुरी आणि शाहूपुरीतल्या तीन दुकानांत आम्ही दोघं फिरलो. प्रोसेसर, रॅम, एसएमपीएस यावर दुकानदार भरपूर बोलायचे. पडद्यावरचं चित्र तयार करणाऱ्या ग्राफिक्स कार्डाचा विषय आला की तिघांनीही एनव्हिडिया कंपनीचं आठ जीबी मेमरीचं खोकं काउंटरवर ठेवलं. एएमडी या दुसऱ्या कंपनीचं रेडिऑन कार्ड आहे का विचारलं तर म्हणाले, "मागवावं लागंल. पन कशाला? उद्या विकायला काढलासा तर कोण घेत न्हाई." येताना गाडीवर मागं बसून भाचा म्हणाला, "मामा, सगळेच तेच घेत्यात, तर आपण बी तेच घेऊया की."

हे "सगळेच तेच घेत्यात" दोन दिवस डोक्यातून जाईना, म्हणून हे लिहितोय.

२००८ चा जून मला नीट आठवतो. मी डिप्लोमाला होतो. एनव्हिडियाने जीटीएक्स २८० हे कार्ड आणलं, ६४९ डॉलरला. त्याच्या खालचं २६० होतं ३९९ ला. दहा दिवसांच्या आत एएमडीने रेडिऑन एचडी ४८७० आणलं, २९९ डॉलरला, आणि त्याचा धाकटा भाऊ ४८५० होता १९९ ला. ४८७० हे २६० च्या तोडीस तोड पळत होतं, काही गेममध्ये पुढेच. मग काही आठवड्यांत २८० आलं ४९९ वर आणि २६० आलं २९९ वर. दीडशे डॉलर आणि शंभर डॉलर! कुठला मोर्चा निघाला नाही, कुठल्या ग्राहक पंचायतीने निवेदन दिलं नाही. समोर तुल्यबळ गडी उभा राहिला आणि दर पडला. मी सुट्टीत उद्यमनगरात एका वर्कशॉपमध्ये काम करून साठवलेले पैसे घेऊन चुलत्यांबरोबर मुंबईला गेलो आणि लॅमिंग्टन रोडवरून ४८५० आणलं. परत येताना महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये ते खोकं उशाला घेऊन झोपलो होतो. त्या कार्डाने सहा वर्षं काढली.

त्याआधी तर या धंद्यात कितीतरी नावं होती. थ्रीडीएफएक्स, एस३, मॅट्रॉक्स, एटीआय. १९९६ मध्ये वूडू कार्ड काढून पीसीवरच्या थ्रीडी गेमला खरी चालना दिली ती थ्रीडीएफएक्सने, आणि २००० च्या डिसेंबरात तिची मालमत्ता एनव्हिडियाने विकत घेतली. एटीआय २००६ मध्ये एएमडीने घेतली, साधारण साडेपाच अब्ज डॉलरला. उरले दोघे. आज दुकानात विकल्या जाणाऱ्या दर दहा सुट्या कार्डांत नऊ किंवा त्याहून जास्त एकाच कंपनीची चिप असते.

एनव्हिडिया वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. शिरोली एमआयडीसीत मी पॅटर्नच्या डिझाइनचं काम करतो आणि माझ्या कामाच्या मशीनमध्ये त्यांचंच कार्ड आहे. रेंडरिंगला ते वेगवान आहे, सॉफ्टवेअर त्याच्यावर मुकाट चालतं. २०१८ मध्ये त्यांनी रे ट्रेसिंग (गेममधले प्रकाश-सावल्या खऱ्यासारखे दाखवणं) आणि डीएलएसएस आणलं तेव्हा अनेकांनी नाकं मुरडली होती. आज कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करून दाखवण्याचं डीएलएसएसचं तंत्र इतकं चांगलं झालंय की मी स्वतः ते नेहमी चालू ठेवतो. कष्टाने मिळवलेली आघाडी आहे ती.

पण त्या आघाडीवाल्याला आता आपली गरज उरलेली नाही. आकडे बघा. त्यांचं आर्थिक वर्ष जानेवारीअखेर संपतं. २०२२ च्या जानेवारीत संपलेल्या वर्षात गेमिंग हे त्यांचं सर्वांत मोठं खातं होतं, जवळपास साडेबारा अब्ज डॉलर. तीन वर्षांनी, २०२५ मध्ये, एकूण उत्पन्न १३० अब्जांवर गेलं. त्यातले ११५ अब्ज डेटा सेंटरचे, म्हणजे मुख्यतः एआयचे, आणि गेमिंगचे अकराच्या आसपास. तैवानच्या टीएसएमसीकडून चिपा करून घ्यायच्या, त्यातली एआयसाठी गेली तर कितीतरी पटींनी पैसे देते आणि गेमिंगच्या कार्डावर गेली तर तुमच्या-माझ्यासारखा माणूस तीस हजारांसाठी घासाघीस करतो. २००८ मध्ये प्रतिस्पर्ध्याने दर पाडला तेव्हा त्यांना पोटात दुखलं, कारण पोट गेमिंगवर भरत होतं. आता तसं दुखत नाही. एएमडीलाही एआयचे तेच वेध लागलेत, हेही खरं.

म्हणून मला आपल्या पीसीवाल्या ग्रुपवरची एक सवय फार खटकते. कुणीतरी लिहितं, "एएमडीने यावेळी दणका द्यायला पाहिजे." बाकीचे बदाम टाकतात. आणि एएमडीने खरंच बरं कार्ड आणलं की सगळे वाट बघत बसतात, आता एनव्हिडिया किती उतरतंय. उतरलं की तेच घेतात. नाही उतरलं तरी तेच घेतात. दुसऱ्याने झुंजायचं, रक्त सांडायचं, आणि खरेदी मात्र पहिल्याची.

आमचं गाव कागल तालुक्यात. रविवारी जेवताना आबांना मी हे सगळं सांगितलं. ग्राफिक्स कार्ड म्हणजे काय ते त्यांना माहीत नाही, पण विषय त्यांना माझ्याआधी कळला. झोनबंदीच्या काळात ऊस ठरलेल्या कारखान्यालाच घालावा लागायचा. तोड कधी मिळणार, टोळी कधी येणार, पहिली उचल किती, सगळं कारखान्याच्या मर्जीवर. ती बंदी उठल्यावर निवड आली. पण आबा म्हणाले, "नुसतं तिकडं घालीन, तिकडं घालीन म्हणून दर मिळत न्हाई. त्येस्नी बी कळतंय ह्यो कुटं जाणार न्हाई. एखादं वर्ष ऊस खरंच तिकडं घालावा लागतो. तोड उशिरा मिळंल, दोन शिव्या खाव्या लागतील. पर पुढच्या सालाला हितला माणूस बांधावर येतो."

२०२३ मध्ये राज्याबाहेर ऊस न्यायला सरकारने बंदी घातली होती, आठवतंय ना? शेतकऱ्यांनी विरोध केला आणि ती मागे घ्यावी लागली. कर्नाटकातले कारखाने हाकेच्या अंतरावर, तिकडचा रस्ता बंद झाला तर इकडचा दर कोण वाढवणार, हे आपल्याकडच्या बारक्या पोराला पण कळतं.

मला कॉम्प्युटरमधली झोनबंदी दिसते ती इथे. कार्डाकडून गेमशिवायची आकडेमोड करून घेणारी कूडा नावाची एनव्हिडियाची व्यवस्था २००७ पासून आहे. तिच्यावर लिहिलेली सॉफ्टवेअर दुसऱ्याच्या कार्डावर सरळ चालत नाहीत, म्हणून माझ्यासारखा कामाला बांधला गेलेला माणूस हलू शकत नाही. डीएलएसएस फक्त त्यांच्या आरटीएक्स कार्डांवर. एएमडीने २०२१ मध्ये त्याच कामाचं एफएसआर आणलं ते मात्र सगळ्यांसाठी खुलं ठेवलं. ज्यांच्याकडे जीटीएक्स १०६० होतं, जे वर्षानुवर्षं जगातलं सर्वांत जास्त वापरलं जाणारं गेमिंग कार्ड होतं, त्यांना स्वतःच्या कंपनीने डीएलएसएस दिलं नाही, आणि प्रतिस्पर्ध्याचं एफएसआर त्यांच्या कार्डावर चाललं. माझ्या मावसभावाने त्यावर आणखी दोन वर्षं काढली, आणि तरीही पुढचं कार्ड घेताना त्याने एएमडीकडे बघितलंसुद्धा नाही. मला त्याचं वाईट वाटलं होतं, अजून वाटतं.

एएमडीही काही संत नाही. नवं एफएसआर ४ त्यांनी २०२५ मध्ये आणलं ते स्वतःच्या नव्या ९००० मालिकेच्या कार्डांसाठी, जुनी कार्डं घेतलेल्यांना बाहेर ठेवून. आरएक्स ९०७० एक्सटी ५९९ डॉलरला जाहीर झालं तेव्हा आनंद वाटला होता, पण त्या दराला ते दुकानात मिळायला फार दिवस लागले. आणि एक गोष्ट तर दोघांनीही केली, तिचा मला सर्वांत जास्त राग आहे. आरटीएक्स ५०६० टीआय आठ जीबीतही येतं आणि सोळा जीबीतही. आरएक्स ९०६० एक्सटी, तेच. खोक्यावर नाव एकच, आत मेमरी निम्मी. गावाकडून पोराला घेऊन आलेल्या बापाला दुकानात हा फरक कोण समजावणार?

आपल्याकडे कार्ड दोन वर्षांत बदलत नाहीत. सहा-सात वर्षं वापरतात, मग धाकट्याकडे जातं. नव्या गेमचे टेक्स्चर (वस्तूंवर चढवायची चित्रं) आठ जीबीत मावले नाहीत की उरलेला माल मदरबोर्डवरच्या रॅममधून ओढून आणावा लागतो. ती वाट कार्डाच्या स्वतःच्या मेमरीपेक्षा कितीतरी हळू, म्हणून खेळ मधेच अडखळतो. कार्डात ताकद असते, पण जागा नसते. मदरबोर्ड जुना असेल तर ते आणखी जाणवतं. एनव्हिडियाच्या प्रमुखांनी २०२५ च्या जानेवारीत मंचावरून सांगितलं होतं की ५४९ डॉलरचं ५०७० हे १५९९ डॉलरच्या ४०९० एवढं चालेल. ते गणित एआयने मधल्या फ्रेम, म्हणजे पडद्यावर एकापाठोपाठ येणारी चित्रं, तयार करण्यावर उभं होतं. फ्रेम वाढवता येतात, बारा जीबीचे चोवीस होत नाहीत. समोर तगडा गडी असता तर असं विधान करायचं धाडस झालं असतं का?

तिसरा गडी इंटेल. २०२२ मध्ये त्यांची आर्क कार्डं आली तेव्हा जुन्या गेममध्ये ड्रायव्हरने (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने) फार रडवलं, पण त्यांनी चिकाटीने सुधारणा केल्या. २०२४ च्या डिसेंबरात बी५८० आलं, २४९ डॉलरला बारा जीबी. त्या किमतीत इतकी मेमरी दोघांपैकी कुणी देत नव्हतं. अडचण एवढीच की जुन्या प्रोसेसरबरोबर ते मागे पडतं. आणि मग सप्टेंबर २०२५ मध्ये बातमी आली की एनव्हिडिया इंटेलमध्ये ५ अब्ज डॉलर घालणार आणि दोघं मिळून पीसीसाठी चिपा काढणार. इंटेलला पैशांची गरज होती, ते मी समजू शकतो. पण तिसरा कारखाना पहिल्याच्या पैशावर चालायला लागला तर तो आपल्यासाठी कार्डांचे दर पाडेल, यावर माझा विश्वास बसत नाही.

शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहारची फुटबॉल मॅच असली की मी गळा फाडून ओरडतो. तिथे पेठेची निष्ठा मला पटते, कारण मैदानात उतरणारं पोरगं आपल्या गल्लीतलं असतं. ग्राफिक्स कार्डाच्या कंपनीला आपली गल्ली माहीत नाही. तिच्यासाठी ग्रुपवर एकमेकांची आई-बहीण काढणारे मित्र बघितले की जीव तुटतो.

पुन्हा विकायला गेलं तर कोण घेत नाही, ही दुकानदाराची भीती खोटी नाही. वॉरंटीचा प्रश्नही खरा आहे. २०१९ च्या महापुरानंतर माझं एक कार्ड दुरुस्तीला पाठवलं ते सात आठवड्यांनी, आणि तेही दुसऱ्याचंच, परत आलं होतं. पण जुन्या बाजारात गिऱ्हाईक नाही म्हणून नवं कुणी घेत नाही, नवं कुणी घेत नाही म्हणून जुन्याला गिऱ्हाईक नाही, हे चक्र कुणीतरी पहिलं कार्ड घेतल्याशिवाय कसं थांबेल?

भाच्याला मी हे सगळं सांगितलं आणि निर्णय त्याच्यावर सोडला, कारण ते मशीन त्याला वापरायचंय. कामापुरतं कूडा लागलंच तर माझ्या मशीनवर ये, एवढंच कबूल केलं. दोन दिवस व्हिडिओ बघून त्याने आरएक्स ९०६० एक्सटी सांगितलं, सोळा जीबीचं. शाहूपुरीतल्या दुकानदाराने ते पुण्याहून मागवलंय. बिलावर "१६ जीबी" लिहून घ्यायचं आणि पैसे देण्याआधी खोकं उघडून बघायचं, असं ठरलंय. शनिवारी आम्ही दोघं जोडायला बसणार आहोत.

कोल्हापूर, इचलकरंजी, जयसिंगपूर भागात कुणी बी५८० चार-पाच वर्षं जुन्या प्रोसेसरबरोबर वापरत असेल तर खाली लिहा. कुठला प्रोसेसर, कुठले गेम, कुठे अडकतं. आमच्या गल्लीतल्या आणखी एका पोराला दिवाळीत घ्यायचंय, आणि त्याचं बजेट तेवढंच आहे.