खुलासा : सिमेंटच्या गिलाव्याने मातीचं घर मजबूत होत नाही

"गावातलं जुनं मातीचं घर पर्यटकांसाठी उघडायचं असेल तर आधी सिमेंटचा गिलावा करून घ्या, नाहीतर ते टिकणार नाही," असा सल्ला सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे. चांगली घरं त्याने खराब होतात, म्हणून हे लिहितो आहे.

माती-चुन्याची भिंत ओल शोषते आणि पृष्ठभागातून ती बाहेरही सोडते. सिमेंटचा थर ही वाट अडवतो. मग पाणी आत कोंडतं, क्षार साठतात, भिंत आतून भुसभुशीत होते. वरून सगळं गुळगुळीत दिसत असल्याने नुकसान फार उशिरा कळतं. आधी गळकं छप्पर आणि भिंतीच्या पायथ्याशी साचणारं पाणी थांबवा. मग गिलावा मातीचा किंवा चुन्याचाच द्या.

सोयी करूच नयेत, असं मुळीच नाही. लोकवास्तूंविषयीच्या (म्हणजे स्थानिक, पारंपरिक पद्धतीने बांधलेल्या घरांविषयीच्या) इकोमॉस या वारसा जपणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या १९९९ च्या सनदेत राहण्याजोग्या सोयींसह फेरवापर मान्य आहे, फक्त घराची मूळ घडण राखून. जपानमधलं शिराकावा-गो हे गाव १९९५ मध्ये जागतिक वारसा यादीत आलं; तिथल्या गवती छपरांच्या काही घरांत आजही पाहुणे मुक्काम करतात.