सहकार्य न केलेल्यांची यादी

आमच्या विद्यापीठाच्या प्रशासकीय इमारतीत जिन्याजवळ काचेचा सूचना फलक आहे. त्यावर सध्या माझं नाव लागलंय. पुरस्कार वगैरे नाही. वर ठळक अक्षरांत 'ई-मेल सुरक्षेबाबत सहकार्य न केलेल्या शिक्षक व कर्मचाऱ्यांची यादी', खाली अनुक्रमांक, नाव, विभाग आणि शेरा. शेऱ्याच्या रकान्यात 'खाते गोठविले'. परीक्षा विभागातल्या एका बाईंनी मला जिन्यातच गाठलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "मॅडम, पैशाबिशाचं आहे का काही?"

पैशाचं काही नाही हो. मी फक्त सांगितलं होतं तसं वागले.

गेल्या वर्षी संगणक केंद्रानं आम्हा सगळ्यांना सभागृहात बसवून, सामोसा-चहासकट, सायबर जागृत केलं होतं. अनोळखी पत्त्यावरून आलेल्या मेलवर विश्वास ठेवू नका, घाई करणारा मेल संशयास्पद समजा, लिंकवर क्लिक करू नका, पासवर्ड कुणालाही देऊ नका, असा मेल आला की 'फिशिंग' म्हणून कळवा. सगळं मी वहीत उतरवून घेतलं. बाकीचे सामोसा खात होते.

आणि मग तो मेल आला. विषय: 'अर्जंट!!! युवर अकाउंट विल बी क्लोज्ड इन २४ आवर्स'. मायना 'डियर युजर'. पाठवणाऱ्याचं नाव संगणक केंद्र, पण पत्ता साध्या जीमेलचा, तोही पुढे दोन आकडे चिकटवलेला. विद्यापीठाचं बोधचिन्ह आडवं ताणून लंबगोल केलेलं. दर वाक्यात एक 'काइंडली'. दुहेरी पडताळणी सुरू होत असल्यामुळे खालच्या लिंकवर जाऊन फॉर्म भरा. भरताना जन्मतारीख, मोबाइल, कर्मचारी क्रमांक आणि सध्याचा पासवर्ड जवळ ठेवा.

मी वही काढून ताडून पाहिलं. वहीतला एकही मुद्दा त्या मेलनं सोडला नव्हता. मी तो फिशिंग म्हणून कळवला, उडवला, आणि समाधानानं तासाला गेले.

तो मेल खरा होता.

ज्यांनी लिंक उघडून निमूट पासवर्ड दिला, ते 'अनुपालन पूर्ण'. त्यांची यादी शेजारीच आहे, हिरव्या कागदावर. तिच्यात पहिलं नाव आमच्या विभागातल्या त्या सहकाऱ्यांचं, जे मागे एकदा 'मी मीटिंगमध्ये आहे, फोन करू नका, तातडीनं गिफ्ट कार्डं घेऊन नंबर पाठवा' असा कुलगुरूंच्या नावाचा मेल आल्यावर पाकीट घेऊन निघाले होते. विभागाच्या शिपायानं त्यांना फाटकावर अडवलं, म्हणून पैसे वाचले. कुलगुरू त्या वेळी समोरच्या टपरीवर चहा पीत होते. ते सर हिरवे, मी लाल.

तर खातं सोडवायला संगणक केंद्रात गेले. एक खिडकी, खिडकीत अकरा महिन्यांच्या करारावरचा एक मुलगा, आणि बाहेर रांग. मुलगा सज्जन होता, हे आधी सांगून ठेवते. अर्ज, ओळखपत्राची झेरॉक्स, विभागप्रमुखांची सही, शिक्का, सगळं त्यानं बघितलं आणि म्हणाला, "आता ह्याची स्कॅन प्रत तुमच्या विद्यापीठाच्या मेलवरून पाठवा, मॅडम."

"तोच तर बंद आहे."

"हो, पण प्रोसिजर तशी आहे."

ह्यावर मी काही बोलणार, तेवढ्यात माझ्या मागून आवाज आला, "बाळा, जरा थांब. आधी मूळ कागद अस्सल आहे का, ते ठरू दे."

इतिहास विभागातले निवृत्त सर. वय पंचाहत्तरीच्या पुढे, खांद्याला शबनम, गळ्यात दोरीनं अडकवलेलं भिंग. उभी हयात मोडी कागद वाचण्यात गेलेली. ते रांगेत का, तर निवृत्तांची मेलखाती बंद होणार आहेत. गूगलनं शिक्षणसंस्थांना दिलेली अमर्याद जागा काढून घेतली. २०२१ साली जाहीर केलं आणि २०२२ पासून अख्ख्या संस्थेला मिळून शंभर टेराबाइटवर आणलं. त्यानंतर आमच्याकडे जागेसाठी जी झाडलोट सुरू झाली, ती निवृत्तांपासून. सरांच्या खात्यात जुन्या पत्रांचे फोटो ठासून भरलेले. "पेशवे दफ्तर इंग्रजांनीसुद्धा सांभाळून ठेवलं," ते मला म्हणाले. "हे म्हणतात, मार्चअखेर रिकामं करा."

त्यांनी शबनममधून तोच मेल काढला. छापून घेतलेला. ते सगळे मेल छापून घेतात.

"आता बघा," म्हणत त्यांनी कागद खिडकीच्या कट्ट्यावर पसरला आणि भिंग लावलं. रांगेतले दोघे वाकून बघायला लागले. "वतनाच्या भांडणात लोक बनावट महजर, म्हणजे निवाड्याचे कागद करायचे, सनदा करायचे. शाई जुनी आणायचे, कागद चहाच्या... नाही, तेव्हा चहा नव्हता, कशाच्या तरी पाण्यातून काढायचे. पकडले कुठे जायचे? मायन्यात! काय लिहिलंय इथे? 'डियर युजर'. घरचा माणूस असं लिहितो? मी इथे तेहतीस वर्षं नोकरी केली. ह्यांच्या दफ्तरी माझं नाव नाही?"

"सर, बल्क मेल आहे तो," मुलगा म्हणाला.

"दुसरं. घाई. चोवीस तास! पानिपतच्या स्वारीत भाऊसाहेब १७६० साली उत्तरेतून गोविंदपंत बुंदेल्यांना पत्रांवर पत्रं धाडत होते. रसद पाठवा, पैसा पाठवा. फौजेची उपासमार व्हायची वेळ. पण मायना सोडलेला नाही, आणि तीन-तीन उद्गारचिन्हं तर कुठेही नाहीत."

"मोडीत विरामचिन्हंच नसतात ना, सर?" मी म्हटलं. उगाच म्हटलं.

"असती तरी दिली नसती," सर म्हणाले. "तिसरं, पत्ता. नाव काय, कुणीही कुणाचंही लावतो. कागद कुठून निघाला ते बघावं. निघालाय जीमेलवरून. आपलं डोमेन एसी डॉट इन. चौथं, हे बोधचिन्ह. शिक्का असा लांबतो का कधी? आणि पाचवं—" इथे त्यांनी भिंग खाली ठेवलं, "सध्याचा पासवर्ड मागितलाय. किल्ल्या मागणारं पत्र अस्सल निघाल्याचं माझ्या पाहण्यात नाही. निष्कर्ष: कागद बनावट. मॅडमनी केलं ते बरोबर."

मला भरून आलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत असं बाजूनं कुणी बोललं नव्हतं.

"सर," मुलगा हळूच म्हणाला, "तो मेल मी लिहिलाय."

सरांनी त्याच्याकडे कनवाळूपणे पाहिलं. "कर्ता समोर येऊन उभा राहिला म्हणून कागद अस्सल होत नाही, बाळा. बनावट कागदालाही कर्ता असतोच."

रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. मुलाचे कान लाल झाले. तो म्हणाला, थांबा, दाखवतोच, आणि त्यानं स्क्रीन आमच्याकडे वळवला. मेलच्या पोटातला, एरवी न दिसणारा मजकूर त्यानं उघडला. बारीक अक्षरांचं ते जंजाळ बघून सर भिंगासकट जवळजवळ खिडकीतून आत गेले. मुलानं समजावलं, की हल्ली बहुतेक मेलना डीकेआयएम नावाची सही होते. मेल ज्या डोमेनवरून सुटतो, त्याचा सर्व्हर ती करतो; वाटेत कुणी मजकूर फिरवला तर ती जुळत नाही.

सर केवढे तरी खूश झाले. "म्हणजे मोर्तब! अरे, हे आहे होय तुमच्यात? आधी सांगायचं नाही का? मग ह्यावर मोर्तब कुणाचं आहे?"

मुलगा वाचता वाचता थांबला. "जीमेलचं."

"कागद साताऱ्याचा आणि मोर्तब निजामाचं?"

"सर, आपल्या अकाउंटवरून एका दिवसात इतके मेल जात नाहीत. लिमिट आहे. म्हणून मी वेगळं अकाउंट काढलं." मग अगदी बारीक आवाजात, "बोधचिन्ह मोबाइलवरून टाकलं, म्हणून ताणलं गेलं."

एव्हाना रांगेची सभा झाली होती. ग्रंथालयाचे एक शिपाई मामा, जे हिरव्या यादीत होते आणि भलत्याच कामाला आले होते, त्यांनी विचारलं, "मग आम्ही फॉर्मात पासवर्ड दिला, तो कुठं गेला?"

"एक्सेल शीटमध्ये."

"त्या शीटला कुलूप हाय का?"

"आहे ना. पासवर्ड टाकलाय."

"तो कुणाकडं हाय?"

"ग्रुपवर दिलाय."

मामांनी टोपी सरळ केली आणि काहीही न बोलता रांगेत शेवटी जाऊन उभे राहिले. त्यांना आता पासवर्ड बदलून हवा होता.

हसू आलं खरं, पण घरी जाताना माझा संताप होत होता. मुलावर नाही. त्याला कुणी सांगितलं असणार, उद्यापर्यंत करून टाक. त्याच्या हाताखाली कुणी नाही, वर कोण आहे ते फलकावरच्या सहीत वाचता येत नाही. आणि खरे चोर असले मेल पाठवतच नाहीत. कॅनडात एडमंटनच्या मॅकइवन विद्यापीठाला २०१७ साली एक सभ्य, शांत मेल आला: आमच्या कंपनीचं बँक खातं बदललंय, पुढची देयकं नव्या खात्यात जमा करावीत. ओळखीच्या पुरवठादाराचं नाव, तसंच बोधचिन्ह, न ताणलेलं. विद्यापीठानं एक कोटी अठरा लाख कॅनेडियन डॉलर भरले. बहुतेक रक्कम पुढे परत मिळाली, पण तो मेल बघून कुणाच्या कपाळावर आठी पडली नव्हती, हे लक्षात घ्या. आमच्या संगणक केंद्राला चोरांकडे उमेदवारीला पाठवलं तर निदान पत्रलेखन सुधारेल.

मला रोज येणारे मेलच बघा. मी भूगोलाची. दुष्काळी तालुक्यांतल्या विहिरींच्या पातळीवर माझं काम. मला दंतवैद्यकाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत बीजभाषण करायला दुबईला बोलावतात. 'ग्रीटिंग्ज ऑफ द डे! रिस्पेक्टेड प्रोफेसर,' पुढे माझं नाव, आडनाव, पदवी, शुद्धलेखनासह. असले लोक माझे शोधनिबंध छापायलाही टपलेले असतात, चार दिवसांत, पैसे घेऊन. पूर्वी निदान यूजीसीची मान्य नियतकालिकांची 'केअर' यादी दाखवून त्यांना हाकलता यायचं, ती २०२५ मध्ये बंद झाली. आता खरं नियतकालिक कोणतं आणि खोटं कोणतं, हे आम्हीच ओळखायचं. ते ओळखलं नाही तर बढती अडते. संगणक केंद्राचा मेल खोटा ओळखला, तर खातं अडतं.

खातं शेवटी सुटलं नाही ते नाहीच, पण नवा पासवर्ड ठरवून ठेवायला सांगितलंय. एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह, आणि दर नव्वद दिवसांनी बदल. हे नियम ज्यांच्यामुळे जगभर पसरले, ते अमेरिकेच्या मानक संस्थेतले बिल बर. त्यांनी २००३ साली ती मार्गदर्शिका लिहिली आणि २०१७ साली निवृत्तीनंतर सांगितलं, की त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा आता पश्चात्ताप होतो. त्याच वर्षी त्या संस्थेनंही कारण नसताना पासवर्ड बदलायला लावू नका, असं नव्यानं लिहून दिलं. त्यांचा पश्चात्ताप आमच्याकडे अजून पोचलेला नाही. परिपत्रकाच्या रांगेत असेल.

कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझच्या विद्यापीठानं ऑगस्ट २०२४ मध्ये सगळ्यांची परीक्षा म्हणून 'आवारात इबोलाचा रुग्ण सापडला' असा खोटा मेल धाडला होता. लोक हादरले. पण नंतर तिथल्या सायबर सुरक्षेच्या प्रमुखांनी जाहीर माफी मागितली. माफी! मला कुलसचिव कार्यालयाकडून आलाय खुलासा मागणारा कागद. 'आपण विद्यापीठाच्या अधिकृत मेलला फिशिंग संबोधल्याबद्दल आपणांवर कारवाई का करण्यात येऊ नये.' त्या कागदाला मायना आहे, जावक क्रमांक आहे, शिक्का गोल आहे. सरांना दाखवला. त्यांनी भिंग लावून दोनदा वाचला आणि म्हणाले, "हा मात्र अस्सल आहे, मॅडम. उत्तर द्यावं लागेल."

उत्तर सात दिवसांत द्यायचंय, ई-मेलनं. शिवाय त्या दिवशी खिडकीपाशी दुपार गेली, म्हणून माझी अर्धी किरकोळ रजा लावलीय. हरकत असल्यास पोर्टलवर नोंदवा म्हणाले. पोर्टल त्याच मेलखात्यानं उघडतं.